बागेसाठी दिलेली जागा बागच राहावी म्हणून

"ती जागा अण्णांनी बागेसाठी दिली होती." मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात जुन्या माणसांशी बोलत बसलं की असं एखादं वाक्य निघतंच. बोट दाखवलं जातं ते बसस्टँडजवळच्या गाळ्यांच्या रांगेकडे, नाहीतर कुंपण मोडलेल्या, वेड्या बाभळी माजलेल्या पडीक तुकड्याकडे. अण्णांचा हेतू सगळ्या गावाला ठाऊक असतो. कागद मात्र कुणी पाहिलेला नसतो.

आजही अशी जमीन देऊ पाहणारी माणसं आहेत. गाव वाढत वाढत शेतापर्यंत आलं, मुलं पुण्याला किंवा हैदराबादला स्थिरावली, आणि निदान एकरभर जागा तरी मोकळी राहावी, तिथे म्हाताऱ्यांनी बसावं, पोरांनी खेळावं असं वाटतं. ही इच्छा मोलाची आहे. ती नीट कागदावर उतरली नाही तर पुढच्या वीस वर्षांत हातची जाते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

लोक सहसा एकच प्रश्न विचारतात: देताना अट घालता येते का? येते. पण त्याहून मोठा प्रश्न आहे की ती अट मोडली गेली तर जाब विचारण्याचा अधिकार कुणाला राहील. दानाचा कागद टिकतो की नाही हे बहुतांशी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

आधी दान झालं पाहिजे

व्यासपीठावर जाहीर केलं, हारतुरे झाले, वर्तमानपत्रात फोटो आला, यानं जमीन नगरपरिषदेची होत नाही. शंभर रुपयांच्या बाँडवर लिहून दिलेल्या संमतीपत्रानंही होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मिळकतीचं दान नोंदणीकृत दस्तानंच होतं. त्यावर देणाऱ्याची सही लागते आणि किमान दोन साक्षीदारांची. याला आपण बक्षीसपत्र म्हणतो आणि ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावं लागतं.

दुसरी गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. कलम १२२ प्रमाणे घेणाऱ्यानं दान स्वीकारलं पाहिजे, आणि तेही देणारा हयात असताना. नगरपरिषद घेणार असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा आणि मुख्याधिकाऱ्यांनी तिच्या वतीनं दस्तावर स्वीकृतीची सही केलेली हवी. दस्त झाला, पण विषय पुढच्या सभेत घेऊ, त्याच्या पुढच्या सभेत घेऊ असं करता करता देणारा गेला, तर ते दान कायद्याच्या नजरेत झालेलंच नसतं आणि जमीन वारसांकडे जाते. तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी अटींसकट मसुदा नगरपरिषदेला द्यायचा, तो जसाच्या तसा ठरावात घ्यायला लावायचा, मगच दस्त नोंदवायचा. ठरावात अटी शब्दशः आल्या की "आम्हाला अटींची कल्पना नव्हती" असं उद्या कुणाला म्हणता येत नाही.

मृत्युपत्रानंही जागा ठेवता येते. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक असते. सोय अशी की हयातीत मन बदललं तर ते बदलता येतं. अडचण अशी की सगळा व्यवहार तुमच्या पश्चात होतो. नगरपरिषदेनं ती जागा घेतलीच पाहिजे असं बंधन तिच्यावर नाही, आणि नाराज वारस कोर्टात गेले तर तुमची बाजू सांगायला तुम्ही नसता. मृत्युपत्र करायचंच असेल तर ते अमलात आणणारा व्यवस्थापक नावानिशी नेमा. माझं मत विचाराल तर अंगात बळ आहे तोवर, स्वतः उभं राहून बक्षीसपत्र करणं बरं.

मालकी आणि अट यांची सांगड

आता अवघड भागाकडे येऊ. कायद्याचा साधा कल असा आहे की एकदा पूर्ण मालकी दिली की मालकानं ती कशी उपभोगावी हे देणाऱ्यानं ठरवू नये. हस्तांतरण अधिनियमाचं कलम १० सांगतं की मिळकत दिली आणि "ही कधीच विकायची नाही" अशी सरसकट बंदी घातली तर ती बंदी निरर्थक ठरते. कलम ११ वापराबद्दल तेच सांगतं: संपूर्ण हक्क देऊन वर "अमुक रीतीनंच वापरा" असं लिहिलं तर घेणारा ते मानायला बांधील नाही. याला एक अपवाद आहे. देणाऱ्याची स्वतःची जमीन शेजारी असेल आणि तिच्या चांगल्या उपभोगासाठी ती अट घातलेली असेल, तर ती अमलात आणता येते.

हे वाचून देणारा हिरमुसतो. पण वाट बंद नाही, ती वेगळ्या दारानं जाते. त्या दाराचं नाव विश्वस्तपण. गावच्या यात्रेची वर्गणी एखाद्या भल्या माणसाच्या घरी ठेवलेली असते. पेटी त्याची, किल्ली त्याची, पण त्यातला रुपयाही त्याचा नसतो. जागा नगरपरिषदेच्या नावावर असली तरी ती "लोकांसाठी, बाग म्हणून" धारण केलेली आहे असं दस्तात स्पष्ट असेल, तर नगरपरिषद तिची मनमुराद मालक राहत नाही. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाची धारणाही अशीच आहे की नगरपरिषद आपल्या मिळकती विश्वस्त या नात्यानं बाळगते.

फरक किती बारीक आहे ते दोन मसुद्यांत दिसेल. पहिला, नेहमी आढळणारा:

"सदर जागेवर नगरपरिषदेने सुंदर बाग करावी व तिला आमच्या मातोश्रींचे नाव द्यावे अशी आमची इच्छा आहे."

दुसरा:

"सदर मिळकत नगरपरिषदेने सर्व जनतेला खुल्या असणाऱ्या सार्वजनिक उद्यानासाठी विश्वस्त या नात्याने धारण करावी. मिळकत किंवा तिचा कोणताही भाग विकता, भाडेपट्ट्याने अगर विकसनासाठी देता येणार नाही. एकूण क्षेत्राच्या पाच टक्क्यांहून अधिक भागावर कोणतेही बांधकाम करता येणार नाही. अटींचा भंग झाल्यास व लेखी नोटीस मिळाल्यापासून एक वर्षात तो दुरुस्त न केल्यास सदर मिळकत याच हेतूसाठी पुढे नमूद केलेल्या न्यासाकडे जाईल."

पहिल्यात नुसती इच्छा आहे. ती पाळली नाही म्हणून कुणावर काही कोसळत नाही. दुसऱ्यात काय चालणार नाही ते सांगितलंय, किती चालेल ते सांगितलंय, आणि मोडलं तर पुढे काय होईल तेही. पाच टक्के हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे, तुमचा वेगळा असू शकतो. आकडा असणं महत्त्वाचं.

विक्रीच्या जोडीला भाडेपट्टा आणि विकसन मुद्दाम घातलंय. बागेची जागा सहसा विकली जात नाही. नगरपरिषदेला स्थावर मिळकत हस्तांतरित करायची तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे शासनाची मंजुरी लागते, ते सोपं नसतं. बाग जाते ती तुकड्यातुकड्यानं. रस्त्याकडेच्या बाजूला गाळे काढले जातात, मागे अभ्यासिका होते, कोपऱ्यात मोबाइलचा टॉवर, मग उरलेलं कंत्राटदाराला बीओटीवर, म्हणजे 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या करारानं. नुसती "विकू नये" एवढी अट असेल तर यातलं एकही अडत नाही.

अट मोडली तर जमीन परत घेण्याबद्दल हस्तांतरण अधिनियमाचं कलम १२६ आहे. दोघांनी मिळून ठरवलं असेल की अमुक घटना घडली तर दान रद्द होईल, तर ते चालतं, मात्र ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. "आम्हाला वाटेल तेव्हा परत घेऊ" असं लिहिलं तर दानच निरर्थक ठरतं. भंगामुळे परत मिळण्याचा हक्क उत्पन्न झाला तरी त्यालाही मुदत आहे. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६६ प्रमाणे अटीच्या भंगामुळे ताबा मागायचा दावा बारा वर्षांच्या आत लावावा लागतो. गाळे उभे राहिले आणि घरचे गप्प बसले तर हक्क हळूहळू विझतो.

जमीन वारसांकडे परत जाईल अशी अट घालू नये असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. देताना जी जागा गावाबाहेर होती ती तीस वर्षांनी बाजारपेठेत असते. मग अट मोडली जाण्यातच नातवंडांचा फायदा असतो, आणि तो फायदा हेरून त्यांच्याकडे येणारे लोकही असतात. त्यापेक्षा जागा दुसऱ्या सार्वजनिक न्यासाकडे, त्याच हेतूसाठी जाईल असं लिहा. याला कायद्याचाही आधार आहे. एरवी पिढ्यान्‌पिढ्यांनी कधीतरी निर्माण होणारा हक्क हस्तांतरण अधिनियमाचं कलम १४ मान्य करत नाही, पण आरोग्य, ज्ञान अशा लोकोपयोगी हेतूंसाठी केलेल्या हस्तांतरणाला कलम १८ त्या बंधनातून मोकळं करतं.

मुस्लिम कुटुंबांसाठी नियम थोडे निराळे आहेत. हिबा, म्हणजे मुस्लिम कायद्यातलं दान, ताबा देऊन पूर्ण होतो, पण देणगीच्या पूर्णत्वाला बाध आणणारी अट घातली तर देणगी राहते आणि अट गळून पडते. मृत्युपत्रानं वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही. म्हणून कायमच्या लोकोपयोगी हेतूसाठी वक्फ, म्हणजे मिळकत कायमची धर्मादाय कामाला वाहणं, ही जुनी वाट आहे. राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीलाच आहे, तेव्हा विचारायला लांब जावं लागत नाही.

मराठवाड्यात जमीन द्यायची तर आधी तिचा पूर्वेतिहास

पुण्या-नाशिककडच्या मसुद्याची नक्कल इथे जशीच्या तशी चालत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यामुळे इथल्या जमिनीच्या अंगावर हैदराबादचे कायदे अजून आहेत.

सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे म्हणजे तुम्हाला ती देता येईलच असं नाही. भूधारणा पद्धतीच्या रकान्यात "भोगवटादार वर्ग-१" आहे की "वर्ग-२" ते पाहा. वर्ग-२ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही, मग ते विनामोबदला आणि कितीही चांगल्या कामासाठी असो. आपल्याकडे वर्ग-२ चं एक मोठं कारण म्हणजे जुन्या इनामी जमिनी. मदतमाश ही माणसाच्या उपजीविकेसाठी दिलेली, खिदमतमाश ही देवळाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी. हैदराबाद इनाम व रोख अनुदान निर्मूलन अधिनियम १९५४ चा आहे. मदतमाश शर्तीतून मोकळी करून घेता येते. खिदमतमाश मात्र मुळात देवस्थानाची किंवा वक्फची. ती कसणाऱ्या कुटुंबानं बागेला देऊन टाकली तर जे आपलं नव्हतं ते दिलं असं होतं, आणि वाद नगरपरिषदेच्या गळ्यात पडतो.

म्हणून जुने कागद काढा. १९५४-५५ चं खासरा पत्रक, जुने फेरफार, इनाम असेल तर मुन्तखब, म्हणजे निजामकाळातला इनामाचा सरकारी दाखला. मुन्तखब बहुधा उर्दूत असतं, तेव्हा ते वाचून घ्यायला जाणता माणूस शोधावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढे कोर्टात तारखा घेत बसण्यापेक्षा परवडतं. कूळ होतं का तेही बघा, कारण १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम इथे लागू आहे, आणि संरक्षित कुळाचा हक्क त्या जमिनीवर लागला असेल तर तो तुमच्या दानाच्या आधीचा.

आणि घरातली माणसं. वडिलोपार्जित जमीन एकट्या कर्त्यानं सहीनिशी देऊन टाकली तर बाकीचे हिस्सेदार ती आव्हानित करू शकतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्मतः हिस्सेदार आहेत. कितीतरी सातबाऱ्यांवर बहिणींची नावं लागलेलीच नसतात आणि भाऊ समजतात की सगळं आपलंच. बागेच्या दस्तावर बहिणींच्या सह्या घ्या. बहुतेक बहिणी आनंदानं देतात. न विचारल्याचा राग मात्र पिढीभर राहतो.

कोणत्या अटी घालाव्यात

कमी घालाव्यात. देणाऱ्याच्या मनात बागेचं पूर्ण चित्र असतं: कारंजं, हिरवळ, गुलाबाचे वाफे, संध्याकाळी भजन. हे सगळं दस्तात उतरलं की अटच अशक्य होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात "हिरवळ बारमाही राखावी" ही अट पाळणं म्हणजे लोकांच्या तोंडचं पाणी काढणं झालं असतं. अशक्य किंवा लोकहिताविरुद्ध अट कायदाही उचलून धरत नाही. तेव्हा "सावली देणारी, कमी पाण्यावर येणारी स्थानिक झाडं" एवढं पुरे: लिंब, चिंच, वड, करंज.

पाण्याच्या टाकीचा प्रश्न मला सगळ्यात कठीण वाटतो. नव्या वस्तीला पाणी चढत नाही, उंच जागा फक्त बागेची, आणि नगरपरिषद म्हणते जलकुंभ इथेच बांधू. मराठवाड्यात पाण्याला नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? अभ्यासिका, अंगणवाडी, दवाखाना यांचंही तसंच. बागेवर येणारी प्रत्येक मागणी स्वतःपुरती चांगलीच असते, म्हणूनच बाग टिकवणं अवघड होतं. यावर उपाय एवढाच की देतानाच ठरवून टाकायचं. टाकी चालेल पण अमुक कोपऱ्यात, बांधकामाच्या त्या टक्केवारीत बसवून. अभ्यासिका चालणार नाही, तिच्यासाठी दुसरी जागा शोधा. नंतर ठरवायला ठेवलं तर ज्याची निकड मोठी त्याचं चालतं, आणि झाडांची निकड सांगायला सभागृहात कुणी नसतं.

जात, धर्म किंवा लिंग यावरून प्रवेश अडवणारी अट घालता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्यात सरकारी पैशातून चालणाऱ्या जागांबरोबरच सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी समर्पित केलेल्या जागाही येतात. "फक्त आमच्या समाजासाठी" अशी बाग गावाला देता येत नाही.

अशी अट काय करून ठेवते याचं एक परदेशी उदाहरण सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहराला ऑगस्टस बेकन नावाच्या सिनेटरनं १९११ च्या मृत्युपत्रानं उद्यानासाठी जमीन ठेवली, पण ती फक्त गोऱ्यांसाठी. १९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असं भेदभावाचं उद्यान चालवता येणार नाही. मग जॉर्जियाच्या न्यायालयांनी ठरवलं की वर्णाची अट हीच देणाऱ्याच्या मनातली मुख्य गोष्ट होती, सगळ्यांसाठी उद्यान हा त्याचा हेतू नव्हताच, तेव्हा न्यास संपला आणि जमीन वारसांची झाली. १९७० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. पुढे त्या जागी दुकानं आली. गावानं अख्खी बाग गमावली.

यातून मसुद्यासाठी घेण्यासारखं असं की हेतूंचा क्रम लिहून ठेवावा: जागा मोकळी आणि सर्वांना खुली राहणं हा मुख्य हेतू, बाकी सगळं दुय्यम. एखादी दुय्यम अट अवैध किंवा अशक्य ठरली तर ती तेवढी गळावी, मुख्य हेतू उभा राहावा, हेही लिहावं.

नावाची पाटी जरूर लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त पाटीवर देणाऱ्याच्या नावासोबत दस्त क्रमांक, तारीख आणि मुख्य अट दगडात कोरून घ्या. पैशाचंही बघा. जमीन दिली पण राखायला काहीच ठेवलं नाही तर पहिल्या दुष्काळात माळी काढला जातो, दुसऱ्या वर्षी कुंपण जातं, आणि तिसऱ्या वर्षी "पडीक जागा वापरात आणू" असा ठराव येतो. थोडीशी मुदत ठेव न्यासाच्या नावानं करून तिच्या व्याजातून माळ्याचा पगार निघेल अशी सोय केली, तर बागेचं आयुष्य वाढतं.

जाब विचारणार कोण

जमीन थेट नगरपरिषदेला न देता सार्वजनिक न्यास नोंदवून त्याच्याकडे ठेवणं आणि नगरपरिषदेशी देखभालीचा करार करणं हा मला सगळ्यात भक्कम मार्ग वाटतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी झाली की कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय मिळकत विकता येत नाही, आणि बिगरशेती जमीन तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानंही देता येत नाही. विश्वस्तच वाट चुकले तर न्यासात हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती आयुक्तांच्या लेखी संमतीनं कलम ५० खाली दावा लावू शकतात. मूळ हेतू खरोखरच अशक्य झाला तर कलम ५५ प्रमाणे न्यायालयाकडून जवळच्या हेतूसाठी वापर ठरवून घेता येतो. म्हणजे राखणारा, वर बघणारा आणि बदल ठरवणारा अशी तिन्ही माणसं वेगळी राहतात. न्यासात फक्त घरातली माणसं भरू नका. एखादे मुख्याध्यापक, एखादी डॉक्टर, त्या भागातल्या महिला बचत गटाच्या कुणी ताई, अशी रोज बागेवरून जाणारी माणसं घ्या.

नगरपरिषदेलाच द्यायची असेल तर दोन नोंदी करून घ्या. एक, फेरफार होताना सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात दस्त क्रमांकासह लिहायला लावा की ही जागा सार्वजनिक उद्यानासाठी, अटींना अधीन राहून मिळालेली आहे. गावठाणातली किंवा नगर भूमापनात आलेली जागा असेल तर हीच नोंद मिळकत पत्रिकेवर. या रकान्यातल्या एका ओळीनं नोंदीची नक्कल काढणाऱ्या प्रत्येकाला, मग तो बँकेचा माणूस असो की कंत्राटदार, अट दिसते. दोन, शहराच्या विकास आराखड्यात ती जागा "अस्तित्वातील उद्यान" म्हणून दाखवायला लावा. मग वापर बदलायचा तर १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ ची फेरबदलाची प्रक्रिया लागते: जाहीर सूचना, हरकती, शासनाची मंजुरी. गुपचूप काही होत नाही.

इथे एक गल्लत टाळा. आराखड्यात खाजगी जमिनीवर पडलेलं बागेचं आरक्षण वेगळं. दहा वर्षांत ती संपादित झाली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. दानात मिळालेली जागा आधीच सार्वजनिक झालेली असते, तिला हा धोका नाही.

आणि अट राखणारं कुणीच नेमलेलं नसेल, दस्तात नुसती इच्छा असेल, तर? तरीही नागरिक अगदी हतबल नाहीत. बंगळुरूत एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला दिली होती, तीही मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून. रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो वाटपाचा निर्णय रद्दच ठेवला. रहिवाशांना बोलायचा हक्क आहे हेही सांगितलं. त्या निकालपत्रात न्यायमूर्तींनी म्हटलंय की बाग ही पूर्वी राजेरजवाड्यांची आणि श्रीमंतांची मिरास होती, आता ती लोकांनी स्वतःलाच दिलेली भेट आहे. हिमायतबाग किंवा खुलताबादची बनी बेगम बाग ज्यांनी पाहिली आहे त्यांना या वाक्याचं मोल वेगळं सांगायला नको. दुसरा निकाल १९९९ चा, लखनौच्या अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कचा. महापालिकेनं बागेखाली भुयारी बाजार बांधायला बिल्डरला दिला होता. बांधकाम बरंच पुढे गेलं होतं, तरी न्यायालयानं ते काढून बाग पूर्ववत करायला लावली. "आता बांधून झालंय, काय करणार" असं कुणी म्हणालं तर हा निकाल दाखवावा.

कोर्टाच्या आधीही एक पायरी आहे. बागेवर गाळे बांधण्याचा ठराव झाल्याचं कळलं तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. महापालिका असेल तर तिच्या कायद्यात कलम ४५१ खाली शासनाला तसा अधिकार आहे. अर्ज लवकर, काम सुरू होण्याआधी गेला पाहिजे. त्यानं भागलं नाही तर मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आहेच.

तुमच्या गावात "अण्णांनी दिलेली" अशी एखादी जागा असेल तर सुरुवात दुय्यम निबंधक कार्यालयातून करा. नोंदलेल्या बक्षीसपत्राची प्रमाणित नक्कल नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे कुणालाही मिळते, त्यासाठी वारस असावं लागत नाही. दस्त क्रमांक माहीत नसेल तर गावाच्या आणि साधारण सालाच्या आधारे सूची शोधून घ्यायची. स्वीकृतीचा ठराव माहितीच्या अधिकारात नगरपरिषदेकडे मागा, इतिवृत्ताच्या पानासकट. नक्कल हातात आली की आधी चतुःसीमा वाचा आणि जागेवर जाऊन ताडून पाहा. बहुतेक ठिकाणी एका बाजूची हद्द सरकलेली आढळते. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज नगरपरिषदेलाच करायला लावा, कारण अभिलेखावर धारक म्हणून नाव तिचं आहे, आणि खुणा कायम करताना त्या भागातले चारदोन जाणते लोक सोबत घ्या.